अर्ध्या पगारातली सायकल

बाबा, तुझी पणती गाडी चालवायला शिकली. गाडी म्हणजे रिक्षा नव्हे नि मोटारही नव्हे. पुढं दोन लोखंडी हात असतात, त्यावर माल उचलून ती गोदामात फिरते, फोर्कलिफ्ट म्हणतात तिला. परवा मी डोळ्यांनी बघून आले नि तेव्हापासून कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालंय. मासळीवालीला सांगितलं, तर तिनं खुशीत दोन बोंबील जास्त टाकले. बोंबील काही ताजे नव्हते, पण मन बघावं. आता तू राहिलास. तू गेलास तेव्हा तुझे केस काळे होते, माझे आता कापसासारखे झालेत, तरी हे पहिलं तुलाच सांगायचं होतं.

पोरगी न्हावा शेव्याकडं एका गोदामात खोकी बांधायच्या कामाला होती. मालकानं गोदाम बंद केलं. मग कामगार विम्याच्या ऑफिसातून तिला काही महिने बेकारीचा भत्ता सुरू झाला. तेवढ्यात ती म्हणाली, आजी, मी ट्रेनिंगला जाते. आळीत एकानं सांगितलं होतं, क्लासला जाताना कुणी बघितलं तर म्हणतील, ही रिकामी कुठं हाय, नि भत्ता बंद करतील. मी तिला म्हटलं, "हातात हाय ते आधी धर गो. शिकणं काय पळून जात न्हाय." बोलले नि मीच दचकले. ते शब्द माझे नव्हते. आईनं तुला ऐकवलेले होते.

तू चुलीपाशी बसलायस, आई भाकरी थापतेय. कारखान्यात काम नाही म्हणून तुम्हा सगळ्यांना घरी बसवलंय. अर्धा पगार चालू आहे, पण रोज सकाळी भोंग्याला गेटवर जाऊन हजेरी लावायची, तरच. आणि नेमका तेव्हाच तालुक्याला वेल्डिंगचा सरकारी वर्ग निघालाय, तोही सकाळचाच. तू हजेरीवाल्याला विचारून आलायस. तो काय म्हणाला, हे तू त्याच्याच आवाजात सांगतोस, "क्लासला गेल्यावर हजेरी कोण लावणार, तुझा बाप? अर्धा पगार विसर मग." मला हसू येतं. आईला येत नाही. ती म्हणते, हातात हाय ते आधी धरा, शिकणं काय पळून जात न्हाय. तू चहाची बशी खाली ठेवतोस नि म्हणतोस, "ऱ्हाऊ दे तर."

पण ते पळून गेलंच की. वर्ग संपला, मग अर्धा पगारही थांबला, नि कारखाना उघडला तो नाहीच. तू मिठागरावर टोपल्या वाहायला गेलास. संध्याकाळी आई तुझ्या पायांच्या भेगांना खोबरेल लावायची. पुढं तीही मिठागरावर जायला लागली, मग धाकट्यांना सांभाळायला मी चौथीतून घरी बसले. म्हणून तर माझं अक्षर हे असं, कोंबडी चालून गेल्यासारखं.

तुझी पणती मात्र मला म्हणाली, "तुला कुणी सांगितलं भत्ता बंद होतो म्हणून?"

"आळीत म्हणतात."

"आळीतून मिळतो का भत्ता?"

नि गेली की ऑफिसात विचारायला. मी दारात बसून राहिले, चहासुद्धा गोड लागेना. आली ती हसतच. तिथल्या बाईंनी सांगितलं म्हणे, शिकायला आमची ना नाही, नोकरी लागली की तेवढं लगेच कळवा. बाबा, एवढंच होतं. तू हजेरीवाल्याला विचारलंस, आतल्या साहेबापर्यंत गेला नाहीस. गेटवरचा माणूस बोलला तोच आपल्याला कायदा. साहेबही कदाचित नाहीच म्हणाला असता. पण विचारलं नाही ते नाहीच, नि आता मी कुणाला विचारू?

परवा तिची परीक्षा होती, मला मुद्दाम घेऊन गेली. तिनं उचलला त्या मालाची थप्पी तिच्या डोक्याच्याही वर. पुढचं काही दिसेना, तर गाडी उलटी घेऊन, मान मागं वळवून, बरोबर रेघेतून नेली. माझ्या तोंडून निघालं, "चाकाकडं बघू नको, जायचं तिथं बघ." शिकवणारा म्हणाला, आजीला पण येतं वाटतं. मी म्हटलं, व्हय तर, माझ्या बापानं शिकवलंय.

मिठागराच्या बांधावर शिकवलंस ना तू मला सायकल, त्याच अर्ध्या पगाराच्या दिवसांत. हजेरी लावून तू परत यायचास तेव्हा ऊन नुकतं बांधावर आलेलं असायचं. दारात आई विचारायची, "उघडला का कारखाना?" तू म्हणायचास, "न्हाय." तिचं तोंड उतरायचं, तुझं तर आधीच उतरलेलं, नि मी सायकलचं हँडल धरून उभी. नंतर कधी तू दिवसाउजेडी घरी दिसला नाहीस. तुझे ते दिवस वाया गेले, हे मला आता कळतं, फार लागतं जिवाला.

हे पत्र पोरीला वाचायला देणार होते, पण नाही देत. आई "उघडला का" विचारायची तेव्हा मी मनात म्हणायचे, नको उघडू दे.