हाताला हात न लावता

सोमवार, ३ मार्च
माझ्या खुर्चीवरची उशी कोणीतरी बाबांच्या पाठीशी लावली आहे. भरदिवसा एका लेखकाची बैठक हिरावली गेली आणि घरात कुणाला त्याचं सुतक नाही. चौकशी केली. बाबांची पाठ दुखते रे दादा, असं धाकट्या बहिणीने सांगितलं. लेखकाची पाठ दुखत नाही, असा या घराचा समज आहे.

मी लिहितोय त्या इंग्रजी वाक्प्रचारांच्या पुस्तकातलं आजचं काम: 'ट्विस्ट समवन्स आर्म'. विद्यार्थी 'हात पिरगळणे' असं भाषांतर ठोकून मोकळे होतात. खरं तर यात हाताला हातही लावायचा नसतो. नको-नको म्हणणाऱ्याला गोडीगुलाबीने घोळात घेऊन हो म्हणायला लावायचं. 'समवन्स'च्या जागी फक्त हात कुणाचा ते सांगायचं: माय, हिज, हर. उदाहरणं जिवंत हवीत. जबरदस्ती माझ्या स्वभावातच नाही, त्यामुळे सुचत नाहीत.

गुरुवार, ६ मार्च
बाबांना अंथरुणातून उठता येत नाही, रविवारी त्यांच्याजवळ बसायची पाळी माझी. पण प्रकाशकाला सोमवारी पानं हवीत. धाकटीला सुचवलं. फक्त सुचवलं. ती म्हणाली, या रविवारी नको रे, गायनवृंदाची तालीम आहे, पहिल्यांदाच मला एकटीला कडवं मिळालंय. मी म्हटलं, अगं, जा की! मी रात्री जागेन. डोळ्यांचं काय, एक गेला तरी दुसरा आहे.
बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, बरं, बसते.
स्वखुशीने. नोंद असावी.

रविवार, ९ मार्च
लिहायला बसलो. पाठीला आधार नाही म्हणून आडवा झालो. उठलो तेव्हा दिवे लागले होते.
संकल्प: पुढचा रविवार माझा. काहीही होवो.

शनिवार, १५ मार्च
झालं. प्रकाशकाने मुदत वाढवून दिली, त्यामुळे कामाचं दडपण वाढलं. धाकटीला म्हटलं, उद्या बसशील? मनात नसेल तर राहू दे, आई असती तर तिलाच सांगितलं असतं. ती म्हणाली, आईला मधे आणू नकोस, बसते मी.
आईचा विषय ओघात आला. रात्री जेवण गेलं नाही. पित्त असावं.

मंगळवार, १८ मार्च
दोन तालमी बुडाल्या म्हणून कडवं दुसऱ्या बाईला दिलं. धाकटीने हे मीठ मागावं तशा आवाजात सांगितलं. मी म्हटलं, मग आधी बोलायचंस! आतून बाबा म्हणाले, बोलली होती, मी ऐकलं, माझी पाठ गेलीय, कान शाबूत आहेत.
पित्त अजून आहे.

बुधवार, १९ मार्च
गायनवृंद चालवणाऱ्या बाईंकडे गेलो. एका भेटीत सगळं निस्तरायचा बेत. आईचं नसणं, बाबांची पाठ, माझे डोळे, सगळं जिन्यातच सांगितलं. बाई म्हणाल्या, अहो, त्या बाईंनी कडवं पाठ केलंय, आता नको कसं म्हणू? मी म्हटलं, तुम्ही नुसतं सुचवा. बाई हसल्या. तुमची बहीण म्हणालीच होती, दादा येईल आणि अगदी असंच बोलेल, त्याला चहा द्या, पण हो म्हणू नका.
चहा चांगला होता.
घरी येऊन उदाहरणं लिहिली. एका बैठकीत पान भरलं. कल्पनाशक्तीला अजिबात त्रास द्यावा लागला नाही.

रविवार, २३ मार्च
धाकटीला म्हटलं, आज मी बसतो. ती म्हणाली, आता कशाला, मला मागच्या रांगेत तर उभं राहायचंय. तरी जा, म्हटलं. पुढे बोलण्यासारखं बरंच सुचलं. गिळलं.
बाबांचं अंग पुसलं. चादर बदलली. त्यांनी विचारलं, तुला रे आज कोणी बसवलं? कोणी नाही, म्हटलं. त्यांनी हात पुढे केला.
नखं वाढली होती त्यांची. कापून दिली.