आमच्या खाडीत गवत नाही

२४ जून, सोमवार. सकाळी ६.
आजपासून गावातल्या समुद्र-संशोधन लॅबचा उन्हाळी समुद्रवर्ग. चार आठवडे. वय सहापासून पुढे कितीही. मी नाव का घातलं, ते कुणालाही ठाऊक नाही. घरासमोरच्या खाडीत मला बोटीसाठी धक्का बांधायचाय. लॅबवाल्यांनी गावाला कळवलंय की तिथे समुद्रगवत आहे, त्यात माशांची पिल्लं वाढतात, धक्क्याच्या सावलीत ते मरेल. अठरा जुलैला गावच्या पंचांपुढे सुनावणी. तोवर आत शिरायचं, त्यांची पद्धत शिकायची आणि त्यांच्याच पद्धतीने त्यांना उघडं पाडायचं. तेहतीस वर्षं विम्याचे क्लेम तपासलेत मी. खोटं मला वासावरून कळतं.
बायको, कोरिन, म्हणाली, अरे, सरळ विचारलं असतंस तर त्यांनी नेऊन दाखवलं असतं. हिला डावपेच कधी कळलेच नाहीत.

त्याच दिवशी, दुपारी ४.
वर्ग डॉ. पिंकम घेतात. वयाने लहान, पायात लाल रबरी बूट. आपण का आलो ते प्रत्येकाने सांगायचं होतं. मी म्हणालो, समुद्रावर प्रेम. बाई म्हणाल्या, वा, आणि धक्क्याचा अर्ज तुमचाच ना? सगळे हसले. मीही हसलो. कुणाला संशय आलेला नाही.
तिघातिघांच्या टीम पाडल्या. माझ्या टीममध्ये ओडेट नावाची मुलगी, वय साडेसात ('साडे' तिने दोनदा सांगितलं), आणि हेस्टर बील, वय त्र्याऐंशी. नेतृत्व आपोआप माझ्याकडे आलंय.

२६ जून, बुधवार.
काम सोपं. प्लास्टिकच्या नळ्यांची चौकट चिखलात टाकायची, आतली गवताची पाती मोजायची, फॉर्म भरायचा. फॉर्म मात्र अगदीच ढिला. तपासनिसाच्या सहीला जागाच नाही! बाईंना सुनावलं. त्या म्हणाल्या, मग तुम्हीच करून द्या की. दुपारभर बसून केला. सात रकाने, दोन सह्या, खाली मोजणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र. बाईंनी तो सगळ्या टीमना लावला. आत शिरणं म्हणतात ते हे.
डावा बूट चिखलात राहिला. ओडेटने उपसून काढला.

१ जुलै, सोमवार.
हेस्टरबाई माझ्याशी बोलत नाहीत. ओडेटला सांगतात: त्याला म्हणावं पाय उचल, खाली खेकडा आहे. ओडेट सांगेपर्यंत खेकड्याने सांगितलेलं असतं. वयाचा परिणाम असावा.

४ जुलै, गुरुवार. सुट्टी.
कोरिनचा भाऊ डेलमाँट लॉबस्टर घेऊन आला. चाळीस वर्षं ते पकडतोय, त्यामुळे समुद्र आपल्याला कळतो असा त्याचा समज. म्हणाला, काय शास्त्रज्ञसाहेब, तुझ्या दारातलं गवत पंचवीस वर्षं माझ्या बोटीच्या पंख्यात अडकतंय, ते शोधायला शाळेत जावं लागलं का? मी म्हणालो, ते वाहून आलेलं असणार. तो म्हणाला, कुठनं? दुसरीकडे उरलंय कुठे? प्रश्न अशास्त्रीय होता.
हेस्टरबाईंचं कोडंही त्यानेच सोडवलं. सोळा वर्षांपूर्वीच्या वादळात त्यांची बोटीची शेड गेली, आत नवऱ्याने हाताने बांधलेल्या दोन होड्या. क्लेम मी फेटाळला होता. आठवलं. आधी वारा की आधी लाट, एवढाच प्रश्न होता. लाट म्हणजे पूर, आणि पूर पॉलिसीत नव्हता. भिंतीवरची पाण्याची खूण मी स्वतः मोजली होती, साडेतीन फूट. बाई म्हणत होत्या, ती खूण जुनी आहे, पुन्हा एकदा नीट बघा. गरज नव्हती.
जेवणानंतर ब्लूबेरी पाई, दोन तुकडे. झोप नीट लागली नाही. पाईमुळे.

९ जुलै, मंगळवार.
आज आमच्या खाडीची पाळी! धक्क्याच्या नेमक्या जागी चौकट टाकायला लावली. ओडेटने मोजली: अडतीस. मी तपासलं. चूक! तीन पाती बुडाशी चिकटलेली होती. एक्केचाळीस. आकड्यांशी खेळ चालत नाही हे तिला समजावलं. बिचारीने खोडून पुन्हा लिहिलं. मी सही केली. दोन्ही ठिकाणी.
घरी येऊन कॉफी ओतताना लक्षात आलं.
काळजीचं कारण नाही. एका चौकटीने काय होतंय?

१० जुलै, बुधवार.
खाडीतल्या वीसपैकी उरलेल्या एकोणीस चौकटी मोजल्या. एकोणीसच्या एकोणीस गवताने भरलेल्या. नवा बेत: फॉर्मच अवैध ठरवायचा. दुपारभर त्यात खोट शोधली.
फॉर्म फार चांगला केलाय.

१६ जुलै, मंगळवार.
चौथा आठवडा. भाषण तयार, अकरा पानं. कोरिनला वाचून दाखवलं. सहाव्या पानावर ती कपडे वाळत घालायला गेली. म्हणाली, ऐकू येतंय, चालू दे. पुरावा त्यांच्याकडे मागायचा, हा माझा मुख्य डाव. मुलांनी चिखलात मोजलेलं पंच धरतील थोडंच?

१९ जुलै, शुक्रवार.
काल सुनावणी झाली. हॉल भरलेला. मी ठणकावून विचारलं, या खाडीत गवत आहे याचा एक तरी कागद दाखवा, जबाबदार, जाणत्या माणसाच्या सहीचा.
डॉ. पिंकम उठल्या, पण हेस्टरबाईंनी त्यांना हाताने बसवलं. काठी टेकत माइकपाशी आल्या. चष्मा लावायला वेळ घेतला. मग हातातला फॉर्म वाचला: जागा, तारीख, वेळ, आकडा. मग प्रतिज्ञापत्र, माझ्याच शब्दांत: ही मोजणी मी स्वतः तपासली असून तीत चूक नाही. मग नाव. लिनवुड व्हेरिल.
पंचांनी विचारलं, सही तुमची? म्हणालो, दोन्ही माझ्या.
मग सोळा वर्षांत पहिल्यांदा बाई थेट माझ्याशी बोलल्या, तेही माइकमधून. काय व्हेरिलसाहेब, पुन्हा एकदा नीट बघायचंय का?
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
अर्ज फेटाळला, पाच विरुद्ध शून्य.
घरी चालत आलो. गाडी हॉलपाशीच राहिली.

२२ जुलै, सोमवार.
हेस्टरबाईंकडे गेलो. कशाला, ते ठरलं नव्हतं. दारात उभं राहून म्हणालो, खूण जुनी असू शकेल. बाई म्हणाल्या, होती. दार लावून घेतलं. पॉलिसीतलं कलम मात्र स्पष्टच होतं.

२ ऑगस्ट, शुक्रवार.
अपील करणार! नियम असा की नवी मोजणी हवी, तीही प्रशिक्षित माणसाची. गावकचेरीतल्या कारकुनाकडून यादी आणली. आमच्या भागात तिघे: हेस्टर बील, ओडेट (पालकांच्या सहीने) आणि मी. कारकून म्हणाला, तुमचा ज्याच्यावर विश्वास असेल तो निवडा.
स्वतःला निवडलं. सकाळी ओहोटीला एकटाच उतरलो. तीच जागा. दोनदा मोजलं.
त्रेपन्न.
उन्हाळ्यात ते वाढतं. चौथ्या आठवड्यात शिकवलं होतं.