बारावी चौकट

३ ऑक्टोबर
आलो एकदाचे! सामान दोन टेम्पोंत आलं. एकात संसार, दुसऱ्यात माझ्या चौकटी आणि कॅमेरे. हिने टेम्पोवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं की दुसरा टेम्पो वाटेत हरवला तरी आमची काही तक्रार नाही. तो बिचारा हसावं की नाही या पेचात शेवटपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

लेकीला इथल्या शाळेत नोकरी लागली आणि तिने आम्हा दोघांना ओढूनच आणलं. मीही दुकान विकून मोकळा झालो होतो. ज्या दुकानात झाडू मारायला शिरलो, तेच पुढे विकत घेतलं आणि चाळीस वर्षं लोकांचे फोटो चौकटीत बसवले. माझ्या चौकटीची पाठ कधी सुटली नाही. ही चौकट आहे की तिजोरी, असं गिऱ्हाइकं विचारायची.

घर छान आहे. तीन खोल्या, उंच खिडक्या. पहिल्या तासाभरातच मला घराचे सगळे आवाज पाठ झाले. जिन्याची तिसरी पायरी कुरकुरते, न्हाणीघराचा नळ दर पाचव्या थेंबाला अडखळतो, समोरच्या घरातली बाई शिंक दाबते. कान तिखट असल्याचा दुकानात फार उपयोग झाला. काचेला तडा जाण्याआधी मला कळायचं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं आहेत आणि ती पिवळी पडायला लागलीत. पानगळ हा माझा ऋतू.

८ ऑक्टोबर
वाचनालयाचे चालक येऊन गेले. ‘शांतता राखा’ अशा पाटीखाली बसणारा माणूस इतका मोठ्याने बोलतो, याची मजा वाटली. लेकीने त्यांना माझ्या छंदाबद्दल सांगून ठेवलं होतं. पुढच्या महिन्यात माझ्या आवडत्या पानगळीच्या बारा चित्रांचं प्रदर्शन भरवायचं म्हणतात. मी म्हटलं, माझ्याकडे अकराच आहेत. ते म्हणाले, मग बारावं काढा की, झाडं कुठे पळून चाललीत!

तीस वर्षांत अकरा, हे त्यांना नवल वाटलं. मी फोटो डोळ्यांनी निवडत नाही, कानांनी निवडतो. शेकडो वेळा बटण दाबावं, तेव्हा एखाद्या वर्षी एकदाच बटणाच्या आवाजामागून दुसरा आवाज येतो. सर्र. वाळक्या पानांवरून कोणी पाय ओढत गेल्यासारखा. तो आला की मी कॅमेरा खाली ठेवतो. तो फोटो झाला. तोच चौकटीत जातो.

१२ ऑक्टोबर
बारावा मिळाला! रस्त्याच्या टोकाच्या मोठ्या झाडाखाली लेक सायकल धरून उभी. पायांत लाल मोजे. आईने काहीतरी टोमणा मारला म्हणून ती मान मागे टाकून हसली, मी बटण दाबलं, आणि सर्र! इतका स्पष्ट तो कधीच आला नव्हता. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. ही म्हणाली, लेक माझ्यावर गेलीय म्हणून आलाय. लगेच कागदावर उतरवून आणला आणि दुपारीच चौकटीत बसवला.

१६ ऑक्टोबर
आज जुन्या चौकटी सोडायला घेतल्या. दुकानाच्या भिंती गिऱ्हाइकांच्या होत्या आणि घराच्या भिंती हिच्या, त्यामुळे माझ्या चौकटी तयार झाल्या की खाकी कागदात गुंडाळून माळ्यावर जायच्या. कित्येक तर त्यानंतर मी पाहिल्याच नाहीत. पण पाठ आहेत. पहिल्या चित्रात मला काच कापायला शिकवणारे मेस्त्री आहेत. हातात काचेचा मोठा तुकडा, त्यात पिवळं झाड उलटं दिसतंय. मीच घेऊन दिलेले नवे बूट दिसावेत म्हणून एक पाय पुढे.

कागद सोडला. झाड आहे. पिवळी पानं आहेत. मेस्त्री नाहीत.

जिथे ते उभे होते तिथे पानांचा ढीग आहे, पुरुषभर उंचीचा. ढिगातून काचेचा एक कोपरा बाहेर आलाय.

फोटो विटला म्हणावा, तर पान न् पान मोजता येतंय.

१७ ऑक्टोबर
दुसऱ्या चित्रात वहिनी बागेतल्या बाकावर विणत बसल्या होत्या आणि लोकरीचा गुंडा घरंगळत पानांत गेला होता. आता बाक आहे, गुंडा आहे. लोकरीचा धागा ढिगात शिरतो आणि तिथेच संपतो. टोपी धरून वाऱ्याशी भांडणारा पोस्टमन नाही. नुसती टोपी, तीही अर्धी.

अकराव्यांदा कागद सोडताना ही शेजारी येऊन उभी राहिली.  मग तिने सगळ्या चौकटी एकेक करून भिंतीकडे तोंड करून ठेवल्या.

१९ ऑक्टोबर
वाचनालयवाल्यांनी दारातूनच ओरडून विचारलं की फोटोतली माणसं हयात असतील तर उद्घाटनाला बोलवू या का. मी दार लोटून घेतलं.

जुन्या अकरांतलं कोणीच हयात नाही. म्हातारी माणसं होती बरीचशी, जाणारच, असं मी प्रत्येक वेळी धरून चाललो होतो. पण वहिनी चौतिसाव्या वर्षी गेल्या. आज हिने आणि मी समोरासमोर बसून एकेकाची आठवण काढली. कोण कधी गेलं. हिला तारखा पाठ असतात. सगळे पुढची पानगळ लागायच्या आत. एकही सुटलेला नाही.

नंतर हळूच म्हणाली, अहो, तो बारावा आत्ताच्या आत्ता फाडून टाका.

मी उठलोही होतो. मग लांब्या आठवला. अकरांतलाच एक, माझा दोस्त, झाडं छाटायचा. नुकतीच बसवलेली त्याची चौकट माळ्यावर चढवताना पडली, काचेने फोटो उभा चिरला. मी हळहळलो, दुसरी काच घालून ठेवून दिला. त्याच संध्याकाळी लांब्या शिडीवरून पडला आणि जागच्या जागी संपला.

फाडायचा नाही. हात लावायचा नाही.

२२ ऑक्टोबर
लेकीच्या फोटोत मोजे दिसत नाहीत.

सकाळी शाळेत निघताना ती म्हणाली की पायांना मुंग्या आल्यासारखं वाटतंय, रात्री वेडीवाकडी झोपले असेन. हसत सायकलवर बसली. मी तिसऱ्या पायरीवर उभा राहून सायकलची घंटी वळणापर्यंत ऐकली.

२५ ऑक्टोबर
डॉक्टर म्हणाले नस दबली असेल. गोळ्या दिल्या. डॉक्टर तिशीतला आहे, आत्मविश्वास दांडगा. त्याला मी काय सांगणार.

पानं गुडघ्यापर्यंत. सायकलचे पॅडल गेले.

तिला काही सांगितलेलं नाही. तिने विचारलं, बाबा, तुमचं आणि आईचं भांडण झालंय का? इतके गोड वागताय एकमेकांशी, भीती वाटते.

२८ ऑक्टोबर
तो फोटो मला आवडेनासा व्हावा म्हणून दोन दिवस झटतोय. उजेड कडक आहे, झाडाची फांदी कापली गेलीय, खोटे खोटे दोष काढत बसतो. आणि नजर तिच्या हसण्यावर गेली की छाती भरून येते. आवडणं थांबवायचं कुठलं बटण नसतं.

३० ऑक्टोबर
दुसरा मार्ग सुचला. तिच्या जागी मी. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला, बटण आपोआप दाबलं जाईल असं केलं आणि त्याच झाडाखाली जाऊन उभा राहिलो. दुपारभर. दोनशे फोटो. कान फाटेस्तोवर ऐकलं. नुसतं बटण वाजतं. मागे काही नाही.

मी मला आवडत नसणार.

१ नोव्हेंबर
लेक आता अंथरुणावर. कमरेखाली कळत नाही म्हणते. थट्टाही करते, पाय वाचनालयात विसरून आले म्हणते. फोटोत पानं कमरेपर्यंत.

ही केस विंचरून, चांगली साडी नेसून माझ्यापुढे आली. म्हणाली, काढा माझा. मी नाही म्हटलं. तर म्हणे, तीस वर्षांत बायकोचा एक फोटो चौकटीत बसवावासा वाटला नाही तुम्हाला. आता तरी बघा नीट.

खरं आहे. हिचे शेकडो काढले. एकदाही आवाज आला नव्हता. आजवर मला त्याचं वाईट वाटायचं.

२ नोव्हेंबर
काढला. झाडाखाली उभी राहिली, हात बांधून, रागावल्यासारखी. पण नजर काढली नाही माझ्यावरून. चाळीस वर्षांत असं एकमेकांकडे बघितलं नव्हतं आम्ही.

सर्र.

तिने माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. म्हणाली, आला ना? चला, सुटली पोरगी. आणि माझा हात धरून घरी आली.

३ नोव्हेंबर
सुटली नाही.

हिचा चौकटीत बसवला, बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर लेकीच्या फोटोशेजारी लावला. दोन्हींत पानं. लेकीच्या छातीपर्यंत. हिच्या गुडघ्यांपर्यंत, एका दिवसात. बदली होत नाही. फक्त भर —

मी हिला — माझ्या हातांनी —

४ नोव्हेंबर
कॅमेरा दगडाने फोडला. काय उपयोग.

घरात आवाज. खिडक्या बंद. वारा नाही. भिंतीतून सरसर. ही म्हणते मला काहीच ऐकू येत नाही, तुम्ही जरा पडा. जिन्याच्या कठड्याला धरून चालते आता. तरी मलाच पडा म्हणते.

५ नोव्हेंबर
दुपार. लेकीच्या गळ्यापर्यंत. बोलते ते दुलईखालून आल्यासारखं. पाणी पाजलं, गिळताना त्रास —

वाचनालयवाले दाराबाहेर. पहिल्यांदाच हळू आवाजात. परत पाठवलं.

५, नंतर
हाक आली. बाबा. धावत आत गेलो. लेक डोळे मिटून पडलेली, ओठ बंद. छाती हलतेय, जेमतेम.

परत हाक. खोलीतून नाही. माझ्या पाठीमागून. भिंतीवरून.

चौकटीतून.

फोटोत नुसता ढीग. वर हात. पाचही बोटं.

फाडायचा नाही. पण पाठ उघडली तर? फोटोला धक्का न लावता. नुसती पाठ. पकड घेतली. खिळे मीच मारलेत, सोळा, एकही ढिला नाही. कोण असे मारतं खिळे. कशाला मारले —

चार निघाले. आत सरसर. बाबा, बाबा.

नऊ. हिला हाक मारली, धरायला ये म्हणून. ओ नाही. तिसरी पायरी वाजली नाही. कुठे बसलीय — वर बघत नाही, हिच्या चौकटीकडे मी बघणार नाही —

पंधरा. फटीतून पानं पडताहेत. जमिनीवर. खरी. घोट्यापर्यंत आली. माझ्या. मुंग्या —

हाक थांबली.

शेवटचा खिळा. हलतोय. निघाला की पाठ उघडेल आणि ती