‘फरक’ची दुसरी प्रत

मुरलीपुरा, जयपूर
१२ जुलै २००७

चि. अनुयास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. वीज आणि इंटरनेट बरे नाहीत. तिकडे पुण्यात पाऊस लागला असेल, इथे नुसता घाम.

पत्र मुद्दाम पोस्टाने पाठवतोय. मेलिंग लिस्टवर लिहिलेलं सगळं जग वाचतं. ‘फरक’मध्ये तू सुचवलेल्या सुधारणेचा पॅच मी परत केला, तेही सगळ्यांनी वाचलंच. आई म्हणते, "एका घरातली दोन माणसं, आणि भांडायला अमेरिकेचा सर्व्हर लागतो!" तिला म्हटलं, प्रोजेक्टची देखभाल माझ्याकडे आहे; मुलीचा कोड म्हणून डोळे मिटून घेता येत नाही. नकार बरोबरच होता. तू अख्खी फाइल एकदम मेमरीत ओढत होतीस. मोठी फाइल आली की मशीन आडवं. आता शब्द जरा... ते जाऊ दे.

पण म्हणून सगळा कोड उचलून स्वतःची वेगळी प्रत काढायची? कुणीही कोड घ्यावा, बदलावा असा मुक्त परवाना मीच दिलाय, तुला हक्क आहे, कबूल. विचारायचं तरी! विमा कचेरीतून घरी येऊन, कुणी शिकवायला नसताना, पुस्तकं चाळत उभा केलेला प्रोग्राम आहे तो. दोन फाइलींत काय बदललं ते देवनागरीची मोडतोड न करता दाखवणारा दुसरा कुठला होता, सांग. आता इतके दिवस मला सुधारणा पाठवणारे ब्राझीलचे ते गृहस्थसुद्धा तुझ्या लिस्टवर जाऊन बसले. आणि मी तिथे काही विचारलं की उत्तर येतं तुझ्या ऑफिसातल्या संकेतचं. "डिअर सर." मी कधीपासून त्याचा सर झालो?

तुझी प्रत वेगवान आहे, मान्य. फाइल आता तुकड्यातुकड्याने वाचतेस, म्हणजे माझं ऐकलंस तर! पण शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेलं नसलं, तर ती ओळ तुझा प्रोग्राम सरळ गाळतो. मला कसं कळलं म्हणशील. तपासायला म्हणून लावून बघितला. महिनाभर तोच लावलेला आहे.

आणखी एक. लेखकांच्या यादीत माझं नाव ठेवलंस. ठेवावंच लागतं, परवान्यात तसं कलम आहे. पण नावापुढे ‘माझे बाबा, यांच्याकडून मी शिकले’ हे लिहायला कुठलं कलम सांगतं? परवाना पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचला. सापडलं नाही.

रविवारी तुझ्या लिस्टवर त्या चुकीचा पॅच पाठवतोय. तुमच्या नियमाप्रमाणे ओळींच्या सुरुवातीला जागा सोडताना टॅबऐवजी स्पेस घातल्यात. पटलेलं नाही, तरी घातल्यात. दुसऱ्याच्या प्रोजेक्टला मी आजवर पॅच दिलेला नाही, तेव्हा रीतीत काही राहून गेलं तर सांग. सगळ्यांसमोर परत केलास तरी चालेल. पण तपासायचा तू. उत्तरही तूच लिहायचं, संकेतने नाही.

तपासणीच्या प्रतीक्षेत,
बाबा