बाई पुढे चालत गेल्या

३ जानेवारी

नाव दिलं! दहा किलोमीटर. श्रेणिकला सांगितलं नाही — आणि गंमत म्हणजे शर्यत भरवणाऱ्यांत तोच सगळ्यांच्या पुढे. ‘नंदनगरी दौड’ हे नावसुद्धा त्याचंच. दुकानात गिऱ्हाईक साडी हातात धरून उभं, आणि नवरा माझा फोनवर — ‘भावेश, बॅनर मोठा पाहिजे, बॅनर!’

वर्षभर पहाटे मैदानावर जातेय. घरात सगळ्यांना वाटतं, चालायला जाते. चालत नाही, पळते. चाळिशीची बाई पळते! अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

५ जानेवारी

फुटलं एकदाचं. भावेशनेच फोडलं. हा श्रेणिकचा शाळेपासूनचा मित्र, धंदा मंडपाचा, आणि शर्यतीचा रस्ता आखायचं काम त्याच्याकडे. संध्याकाळी दारातूनच — ‘वहिनी, तुमचं नाव दहामध्ये आलंय. चुकून आलं का?’

श्रेणिक जेवताना पोटभर हसला. ‘दहा? रनाळ्याच्या रस्त्याला लागलीस की रिक्षा करशील.’ मुस्कान आपल्या वडिलांकडे बघून म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही आपल्या जिन्यात दोनदा थांबता.’ पोरीचं दहावीचं वर्ष, पण जीभ पदवीधर!

बाई, म्हणजे माझ्या सासूबाई, फारसं बोलतच नाहीत. लग्न होऊन जालन्याहून आले तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे दूध, मीठ, कुकरच्या शिट्ट्या. भांडण कधी नाही, गप्पाही नाहीत. सकाळी आमच्या जैन स्थानकात जातात, सामायिक करतात म्हणजे घटकाभर ध्यानाला बसतात, परत येतात, माळ घेऊन बसतात. आज मात्र ताट धुऊन उठताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘बीनणी, त्यात नुसतं चालायचंपण असतं का?’

मी हातातली पोळी तशीच धरून बघत राहिले.

७ जानेवारी

असतं! ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटर चालायचं आहे. गावातल्या गावात एक वळसा. बाईंचं नाव दिलं. श्रेणिक हवेत — ‘जडावबाईंचं नाव छापून आलं की अख्खी बाजारपेठ उतरेल!’ मुस्कानने दादीसाठी पांढरे बूट आणले. बाईंनी ते उलटेपालटे करून पाहिले आणि परत खोक्यात ठेवले.

१२ जानेवारी

टी-शर्ट आले. सगळे लहान मुलांच्या मापाचे. भावेश म्हणतो, ‘ताणले की होतात.’

१५ जानेवारी

काल संक्रांत. तिळाच्या लाडवांनी पोट जड, तरी पहाटे पळाले. थंडी मस्त आहे. एकदाही न थांबता पळाले आणि परत येताना उगीच हसू येत होतं. दूधवाला म्हणाला, ‘भाभी, काय खुशखबर?’ खुशखबर काही नाही बाबा. पाय आहेत, एवढीच.

१८ जानेवारी

उद्या! छातीवर लावायचा नंबर मिळाला. तोच नंबर आणखी एका पैलवानासारख्या माणसालाही मिळालाय. श्रेणिकला दाखवलं तर म्हणाला, ‘तू बाई, तो माणूस. गोंधळ कसा होईल?’

भावेशने आज रस्त्यावर फक्कीचे बाण काढले. तासाभरात कामगिरी फत्ते म्हणे. श्रेणिक त्याच्या पाठीवर थाप मारत होता.

बाईंनी उद्यासाठी उकळलेलं पाणी बाटलीत भरून ठेवलंय. कच्चं पाणी त्या पीत नाहीत. म्हटलं, बाई, तिथे पाणी ठेवणार आहेत. म्हणाल्या, ‘ठेवू देत.’

१९ जानेवारी, दुपार

बसून लिहितेय, कारण उभं राहवत नाही. क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी मैदान गच्च भरलेलं. पाहुणे यायचे होते, आले नव्हते. थंडीत सगळे जागच्या जागी उड्या मारत होते. शेवटी पाहुण्यांची गाडी फाटकातून आत शिरली, आणि स्वागताला ठेवलेल्या ताशावाल्याने काठी घातली — तडतडतड! लोकांना वाटलं, सुटली शर्यत. सुटले! पोरं, बाया, पोलीस भरतीवाले, पैलवान — अख्खा लोंढा पाहुण्यांच्या गाडीला वळसा घालून बाहेर. पाहुणे हिरवं निशाण हातात घेऊन उभे. श्रेणिक माईकवर, ‘थांबा! अहो, उद्घाटन बाकी आहे!’ कोण थांबतंय! मीपण नाही थांबले.

तीनवाले वेगळे निघणार होते, नंतर. तेही त्याच लोंढ्यात. बाईंची पांढरी साडी एकदा दिसली, मग नाही.

पुढे बाण. रात्रभर ट्रक गेलेले, निम्मे बाण पुसलेले. आणि नाक्यावरचा बाण — भावेशने रस्त्याच्या पलीकडून, उलटं उभं राहून काढलेला. डावीकडे जायचं, तर बाण उजवीकडे. पुढची पोरं उजवीकडे गेली, मागून आम्ही सगळे. पाण्याचा टेम्पो डावीकडे थांबून राहिला. सकाळभरात त्याच्याकडे एक कुत्रं सोडून कुणी गेलं नाही म्हणे.

आणि आम्ही कुठे पोचलो? मिरचीच्या पथारीवर! नजर जाईल तिथवर वाळत घातलेली लाल मिरची, मध्ये जेमतेम पायवाट. पुढच्यांनी धुरळा उडवला नि मागच्यांचे हाल. आऽऽछी! शंभरएक माणसं शिंकत, खोकत, डोळे चोळत पळतायत. पैलवान तर खालीच बसला. कडेला एक शेतकरीण डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी. तिने मला विचारलं, ‘बाई, कथा पयी ऱ्हायनात? मांगे कोन लागेल शे?’ कुठे पळताय, मागे कोण लागलंय म्हणे! मला शिंकांमधून हसू आवरेना.

पण खरं सांगू? पाय सुरेख चालले होते. पथारीच्या पलीकडे रनाळ्याचा रस्ता लागला, गर्दी विरळ झाली, ऊन कोवळं. मोटारसायकलवरचा एक स्वयंसेवक ओरडला, ‘ताई, बायकांमध्ये तुमच्यापुढे कोणीच नाही!’ कोणीच नाही! अंगावर काटा आला.

तेवढ्यात कमरेचा फोन वाजला. मुस्कान. रडवेली. ‘मम्मी, तीनवाले सगळे परत आले. दादी नाही आली.’

उभी राहिले. एक क्षणभर — इथे तरी खरं लिहायचं — एक क्षणभर पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. मग वळले.

मागे पळताना समोरून येणारे मला ओरडत होते, ‘ताई, उलट्या चाललात!’ नाक्याजवळ चहाच्या टपरीवर उखाभाऊ म्हणून एक म्हातारे बसले होते. विचारलं, पांढऱ्या साडीतल्या कोणी बाई? म्हणाले, ‘एक डोकरी गई ना, हातमा बूट धरीसन. मी सांगं, माय, गाव तिकडे शे. तर म्हने, माले इकडेच जानं शे.’

हातात बूट! म्हणजे अनवाणी. सहासष्टाव्या वर्षी! तशीच परत फिरले.

पुन्हा पथारी. दुसऱ्या टोकाला, जिथे बाया मिरची निवडायला बसतात, तिथे पोत्यावर बसलेल्या बाई. तोंडावर पदर, डोळे लाल, आणि हसतायत! इतक्या वर्षांत बाईंचे दात मी असे कधी पाहिले नव्हते. शेजारी गंगीबाई म्हणून एक जण, नवापूरकडची, हंगामापुरती इथे राहणारी. ती मला म्हणाली, ‘तुमची सासू का? भारी आहे. आम्हाला म्हणते, रोज किती चालता तुम्ही, पाय दाखवा.’

मी तिथेच मातीत बसले. ‘बाई, हरवलात ना!’

‘हरवले नाही. चालत होते.’

‘तीन किलोमीटर कधीच झाले!’

‘थांब म्हणायला कोणी नव्हतं,’ बाई म्हणाल्या. ‘म्हटलं, जावं अजून थोडं.’

आणि बाटली पुढे केली. अख्ख्या शर्यतीत पाणी फक्त माझ्या सासूकडे!

एवढ्यात श्रेणिक स्कूटरवर आला. केस उभे, टी-शर्ट पोटावर चढलेला. आईला पाहिलं आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. ‘बाई, बसा मागे.’

‘नको. पायी येते.’

‘अहो, पाय बघा तुमचे!’

‘पायांना काही झालं नाही, श्रेणिक. तू हो पुढे.’

तो पुढे गेला नाही. स्कूटर बंद करून ढकलत आमच्याबरोबर चालत राहिला. माझा नवरा इतका वेळ गप्प राहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

आणि बोलल्या त्या बाई. रस्ताभर. लग्न होऊन रनाळ्यात आल्या तेव्हा त्यांच्या सासऱ्यांचं, मिश्रीलालजींचं, दुकान तिथे होतं. मागे दोन खोल्या. ह्याच रस्त्यावरून बैलगाडीतून आणलं, तोंडावर घूंघट, रस्ता दिसलाच नाही. मग बसने, मग रिक्षाने, मग मुलाच्या गाडीने. ‘ह्या रस्त्याने इतक्यांदा गेले, आज पहिल्यांदा बघितला,’ म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला होता. कधी धरला ते आठवत नाही.

मैदानावर पोचलो तर कमान उतरवून झालेली. पदकांचं पार्सल उघडलं, तर आत ‘क्रिकेट स्पर्धा, उपविजेता’! लोक चिडलेले. भावेश मंडपाच्या खांबामागे. मला वाटलं, आता श्रेणिक कुणावर तरी ढकलणार — टेम्पोवाल्यावर, ताशावाल्यावर. त्याने माईक घेतला. घसा खाकरला.

‘मंडळी, चूक माझी. नुसता बॅनर बघत बसलो. रस्ता एकदाही स्वतः पायी चालून बघितला नाही. माफ करा.’

मग पैलवान जोरात शिंकला. आणि जो हशा पिकला! हजार माणसांचे पोहे तयार होतेच, ते तरी चुकले नव्हते. सगळे मैदानातच पंगत धरून बसले. कोण पहिलं आलं ते कुणालाच माहीत नाही. उपविजेत्याची पदकं पोरांनी आपापसात वाटून घेतली.

माझे दहा किलोमीटर झाले नाहीत. की जास्तच झाले, कोण जाणे. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२० जानेवारी

जिना बसून उतरले. श्रेणिकने न सांगता चहा केला. साखर विसरला. प्यायले.

२१ जानेवारी

गावभर एकच विषय. दुकानात येणारे मुद्दाम शिंकतात. श्रेणिकही हसतो आता. म्हणाला, ‘पुढच्या वेळी रस्ता तू आखायचास. भावेशला मंडपच बरा.’ भावेश लगेच कबूल!

२३ जानेवारी

पहाटे मी बुटांच्या नाड्या बांधत होते, तर बाई दारात तयार. दोघी गेलो. मी पळाले नाही, त्यांच्याबरोबर चालले. त्या अनवाणीच. खडा टोचला की थांबतात, काढतात, पुढे. म्हटलं, बूट चावतात का? म्हणाल्या, ‘नाही ग. सवय बरी.’

२७ जानेवारी

रोज थोडं लांब जातोय. आज मिरचीच्या पथारीपर्यंत. गंगीबाईने लांबूनच हात केला. परत येताना बाईंनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली, मी माझ्या आईची. आई गेली तेव्हा मी सासरी कुणापुढे रडले नव्हते. आज रस्त्यात रडले, बाईंनी पाठीवरून हात फिरवला, आणि मग दोघी घरी येऊन गाजराचा हलवा करत बसलो. मुस्कान म्हणाली, ‘तुम्हा दोघींना झालंय काय?’

काय सांगू? ह्या घरात मला एक मैत्रीण मिळाली. इतकी वर्षं शेजारच्याच खोलीत होती!

३० जानेवारी

काही विशेष नाही. छान चाललंय. थंडी कमी होतेय.

२ फेब्रुवारी

आज चालताना बाईंनी सांगितलं. त्यांना दीक्षा घ्यायची आहे. महासतीजींशी, म्हणजे आमच्या साध्वींशी, बोलणं चातुर्मासातच झालं होतं. साध्वी झालं की घर सुटतं, मग गावोगाव अनवाणी विहार, आयुष्यभर, तो ह्या वयात झेपेल का एवढीच शंका होती. शर्यतीच्या दिवशी ती फिटली. घरच्यांची आज्ञा, म्हणजे परवानगी, लागते. श्रेणिकला अजून विचारलेलं नाही. म्हणाल्या, ‘पहिली तुझी पाहिजे.’

मी हो म्हणाले. घर येईपर्यंत त्यांचा हात धरून चालले.