बंड्याचे पंजे टेकले, बाबा

प्रिय बाबा,

आज बंड्या चालला! चारच पावलं, तीही वाकडीतिकडी, पण आपल्या पायांवर. ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगायची होती, म्हणून दवाखान्यात जायच्या आधी लिहायला बसले.

माझ्या धंद्याचं तुम्हाला काय हसू यायचं! कुत्र्याघोड्यांची फिजिओथेरपिस्ट झाले तेव्हा अख्ख्या मानेवाड्यात सांगत फिरलात, "आमची पोरगी घोड्याची मालिश करते." पण वरातीच्या घोडीचा आखडलेला खांदा मी मोकळा केला, तेव्हा तिच्या मालकाला चहा पाजून म्हणालात, "हात पाहा पोरीचा!" मी आतून ऐकत होते.

मग आपलाच कुत्रा, बंड्या, जिन्यावरून पडला. मणक्याला मार बसला, मागचे पाय गेले. तुम्हाला किती वेळा दाखवलं होतं? पोटाखालून टॉवेल घालायचा, मागचा भाग नुसता तोलायचा, पंजे जमिनीला टेकलेच पाहिजेत. भार पडल्याशिवाय पायांना आपलं काम आठवत नाही. रोज विचारलं की तुमचं ठरलेलं, "झाल्या ना दोन फेऱ्या!"

दोन महिने झाले तरी पाय हलेनात. एक दिवस पाहते तर मागच्या पंजांची नखं ही एवढी वाढलेली! झिजलीच नव्हती. तुम्ही त्याला टॉवेलच्या झोळीत घालून अंगणभर फिरवून आणत होतात. पकडले गेल्यावर म्हणालात, "त्याले दुखून राहिलं ना वं. पाहवत नाही मले."

"तुम्हीच त्याला पांगळा करून ठेवताय," मी फाडकन बोलले. तुम्ही टॉवेलची घडी केली, दोरीवर टाकली आणि आत गेलात. निदान भांडायचं तरी होतं, बाबा! आठच दिवसांत तुमचं हृदय थांबलं. माफी मागायची राहूनच गेली.

तुमच्यामागे टॉवेल आईच्या हाती आला. तिचे गुडघे तुम्हाला ठाऊकच आहेत. बंड्याला उचलायचं बळ ती कुठून आणणार? जेमतेम तोलता येतो तिला. म्हणजे मी सांगितलं होतं नेमकं तेवढंच!

आज सकाळी तो सरपटत दारापाशी गेला आणि मान वर करून बसला, उचला म्हणून. आई पायरीवर बसली आणि तिला रडूच फुटलं. "उचलणारा गेला गा, बंड्या. आता तुले कोण उचलन, अन् मले कोण?"

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग थरथरत उठला आणि तिच्यापाशी गेला.

मी धावले ती आईला उठवायला, काखेत हात घालून. तिने हात झटकला. "बापाले बोलली होती ना तू? मग मले काहून उचलून राहिली? भाजी तू आणते, पोळ्या तू करते, मले खुर्चीवरून हलू देत नाही. माहे पाय आहेत ना अजून!"

तुम्ही गेल्यापासून मला तिच्याकडे पाहवत नव्हतं हो, बाबा.

शब्द देते. हात तिच्यापुढे धरीन, पण उठायचं तिचं तिनेच. आणि कुत्र्याला उचलून फिरवणारा कुणी दवाखान्यात आला, तर आधी त्याला चहा देईन आणि मगच बोलेन.

आई आत्ता भाजीला निघाली आहे, एकटी. मी दारातच बसले आहे, मागे जात नाही.

तुमचीच,
घोडेमालिशवाली वैदेही