शंभर पावलांतला फोटो

३ सप्टेंबर
घरापासून शंभर पावलांच्या आतला देखावा हवा — अशी स्पर्धेची अट. फोटोसाठी सगळी बाली पालथी घातली आणि परसातलं काही पाहिलं नाही! पहाटे मागच्या बांधावर उभा राहिलो. वर बातुकारूचं शिखर, खाली उतरत गेलेली भातखाचरं. फक्त शेजारच्या लंद्राचं खाचर कोरडं ठणठणीत. घरी येऊन कॉम्प्युटरवर त्यात पाणी भरलं, पाण्यात थोडं आकाश टाकलं. कोपऱ्यात पाटाजवळ एक काळं खोड मध्येच येत होतं, तेही पुसलं. आता कसा दिसतो!

१४ सप्टेंबर
पहिला नंबर! फोटो भला मोठा छापून गावच्या सभामंडपात टांगलाय. दादाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

१६ सप्टेंबर
सत्यानाश झाला. पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या पाटकऱ्याने फोटोखालची तारीख वाचली. तीन तारखेला पाण्याची पाळी खालच्या आळीची होती. त्यांना थेंब मिळाला नाही, रोपं जळाली. आणि फोटोत लंद्राचं खाचर काठोकाठ भरलेलं! लोक तिथूनच त्याच्या घरावर गेले. बदकांच्या माना मुरगळल्या, कोठार पेटवलं.

मी तिथेच होतो. बक्षीस जाईल म्हणून तोंड उघडलं नाही. थू माझ्यावर!

१७ सप्टेंबर
सभा. माणसं शेतातूनच आलेली, विळे कमरेला. लंद्रा शांतपणे उठला. म्हणाला, "पाणी कोणी फोडलं ते मला ठाऊक आहे. त्या पहाटे मी —"

दादाचा विळा त्याच्या जबड्यावर बसला. दात फरशीवर. फोटोवर रक्त. दादा त्याच्या छाताडावर बसून ओरडत होता, "चोर तो चोर, वर तोंड करून बोलतोस?" खालच्या आळीने दादाची पाठ थोपटली. पोलीस आले तेव्हा कोणी काही पाहिलेलं नव्हतं. मीही नाही.

१८ सप्टेंबर
लंद्रा तबाननच्या हॉस्पिटलात. शुद्ध नाही. उद्याच्या सभेत त्याचं पाणी कायमचं तोडणार आहेत. त्याची बायको भेटली. "तुझ्या फोटोने खाल्लं त्यांना," एवढंच बोलली.

नाही सोसवत! उद्या मूळ फोटो पाटकऱ्यासमोर ठेवणार.

जेवताना दादाने सहज विचारलं, "मूळ फोटो ठेवतोस का रे तू?" ठेवतो म्हटलं. त्याने स्वतःच्या पानातला मासा माझ्या पानात वाढला.

१९ सप्टेंबर
मूळ फोटो उघडला. मोठा केला. ते खोड नव्हतं. वाकलेला माणूस होता, फावड्याने खालच्या आळीचा पाट आमच्या खाचराकडे फोडणारा. अंगात निळा सदरा — मीच दादाला दिलेला. लंद्रा हेच सांगायला उठला होता.

छापून आणतो. त्याच मापाचा. त्याच खिळ्याला टांगतो.